खोकणारी

आमच्या घरात इंग्रजी गाणी वाजायची, असं मी सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, 'घरात म्हणजे, मालकांच्या घरात का?' नोकरी झाली, निवृत्ती झाली, केस पांढरे झाले, तरी हा प्रश्न ऐकला की माझ्या अंगाची आग होते. मालकांच्या नाही. आमच्या. जालन्यात, लोखंडाच्या मिलच्या भिंतीमागं जी वस्ती होती तिथल्या पत्र्याच्या एका खोलीत. ऐकणाऱ्या दोघीजणी, मी आणि माझी माय. माय शाळेची पायरी चढलेली नाही. मी घराण्यातली पहिली बी.ए. आणि आम्हा दोघींना जी गाणी आवडायची ती शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांनाही दोन मिनिटं सोसवत नाहीत. हे प्रकरण त्या गाण्यांचं आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्यावं.

माय मिलच्या यार्डात भंगार निवडायच्या कामाला होती. भंगार म्हणजे गल्लीतला टोपलीवाला नेतो ते नव्हे. जहाजानं आलेलं, कुठल्या कुठल्या देशांतलं, डोंगरासारखं रचलेलं. दाबून चपट्या केलेल्या मोटारी, यंत्रांची खोकी, दारं, सांगाडे. ते सगळं भट्टीत जाऊन वितळायचं आणि त्याच्या सळ्या व्हायच्या. पण भट्टीत लोखंडाशिवाय दुसरं काही गेलं की धूर व्हायचा, माल नासायचा. म्हणून पंधरा-वीस बाया छन्नी-हातोडा घेऊन दिवसभर उन्हात बसत आणि लोखंडापासून लोखंड नसलेलं सोडवत. रबर, फोम, लाकूड, प्लास्टिक, कापड. ह्या सगळ्याला यार्डात एकच नाव होतं, बिनलोखंडी. आणि बिनलोखंडी बायांचं, ही तिथली रीत. कुणी ठरवली, कधी ठरवली, कुणाला ठाऊक नव्हतं. आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, भोंगा झाला की बाया आपापली गाठोडी बांधत आणि गेटवरच्या माणसासमोरून उघडपणे घेऊन जात. तो गाठोड्याला नुसता हात लावून बघायचा, आत काही जड नाही ना. आमची सगळी वस्ती परदेशी मोटारींच्या फोमच्या उशांवर झोपायची. जैतुनखाला म्हणून मायची मैत्रीण होती, शेजारीच राहायची, तिच्या दाराला मोटारीचा आरसा लावलेला होता आणि त्यात बघून ती डोळ्यांत सुरमा घालायची.

बाया फोम न्यायच्या, रबर न्यायच्या. माय कॅसेटी आणायची.

मोटारीच्या पुढच्या भागात, चेमटलेल्या कप्प्यात कधी कधी एखादी कॅसेट अडकलेली असायची. डबी फुटलेली, कव्हर नाही. कुणीतरी हातानं काहीतरी लिहिलेलं, निळ्या शाईत, पुसट. पहिली कॅसेट मायनं आणली ती मला इंग्रजी यायला लागलंय म्हणून. 'कौशे, तुला इंग्रजी शिकायला व्हईल,' म्हणाली. मला वाटलं, भाषण असेल, धडे असतील. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता, बाबांना मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कुणा व्यापाऱ्यानं बिघडलेला म्हणून देऊन टाकलेला. त्याचा पट्टा तुटलेला होता. मायनं भंगारातलंच एक रबराचं कडं आणून त्याला बसवलं. ते ढिलं पडून घसरायला लागलं, तर तिनं मोटरच्या चाकावर चिकटपट्टीचे चार-पाच वेढे दिले, चाक जाड केलं, कडं घट्ट बसलं. यंत्र सुरू झालं. मग त्यातून जे बाहेर आलं, ते धडे नव्हते.

ढोलावर कुणीतरी तुटून पडलंय, तारांचं वाद्य पत्रा फाटल्यासारखं वाजतंय, आणि ह्या सगळ्याच्या वर एक बारीक, चिरकी, संतापलेली बाई ओरडतेय. मी घाबरून बंद करायला गेले. मायनं माझा हात धरला. 'राहू दे,' म्हणाली. 'काय म्हणून राह्यली ती?' मी कान लावला. एक शब्द कळला नाही. 'भांडतेय, माय.' 'ते दिसून राह्यलं मला. कोणासंग?' 'सगळ्यांसंग.' माय परातीपुढे बसलेली, हात पिठात. पुन्हा लाव म्हणाली. तीनदा ऐकलं. मग मला म्हणाली ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. 'हिला गाता येत न्हाई, तरी गाती. अन् कुणी बी तिला बस म्हणलं न्हाई.'

माय जाफराबादकडच्या धनगराची लेक. तिच्या माहेरी ढोल वाजायचे, पण ढोल गड्यांनी वाजवायचे आणि बायांनी लांबून बघायचं. मला वाटतं, त्या कॅसेटीत पहिल्यांदा तिला ढोलाच्या जवळ उभं राहता आलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आमची बैठक. बाबा मोंढ्यात हमाली करत, त्यांची सुट्टी वेगळ्या दिवशी, म्हणून खोली आमचीच. चुलीवर तवा, अंबाडीची भाजी नाहीतर पिठलं, शेजारी ठेचा, आणि उंबऱ्याशी टेपरेकॉर्डर. भाकरी थापायचा मायचा एक वेग होता, तो त्या गाण्यांनी बदलला. ती गाण्याच्या ठेक्यावर भाकरी थापायला लागली. दोन्ही तळहात असे चालायचे की पीठ उडायचं. बाबा एकदा मधेच घरी आले, दारात थांबून म्हणाले, 'कोणाचं काही झालं का? आख्ख्या वस्तीत रडणं ऐकू येतंय.' माय म्हणाली, 'रडत न्हाई ती. चिडली हाये. बसा, जेवा.' बाबा जेवले. जाताना मला हळूच म्हणाले, 'तुझी माय बी चिडली का?' मी म्हटलं, नाही, खूश आहे. 'मंग वाजू द्या,' म्हणाले.

दोन-अडीच वर्षांत निवडून निवडून अकरा कॅसेटी आमच्यापाशी राहिल्या. आणलेल्या सगळ्याच कामाच्या नसायच्या, गोड गुळगुळीत गाणी निघाली की माय तोंड वाकडं करायची आणि ती कॅसेट जैतुनखालाकडे जायची. आम्ही ठेवायचो ती खरखरीत, विचित्र. नावं आम्हीच दिली. एक पत्रेवाला होता. एक डीपी, कारण तिच्यात विजेच्या डीपीसारखी घुंईं चालायची आणि त्या घुंईंवर एक माणूस अगदी थंडपणे, हिशेबाची वही वाचल्यासारखा बोलायचा. मला डीपी फार आवडायची. मायची आवडती पहिलीच. तिचं नाव खोकणारी. त्या गाण्याच्या शेवटी ढोल एकदम थांबतो, क्षणभर काही नाही, आणि मग ती बाई दोनदा खोकते. लांबून कुणीतरी हसतं. संपलं. माय म्हणायची, 'बघ, धुरात काम करती बिचारी. आपल्यासारखीच.' आणि खोकल्याच्या आधी बोट वर करायची. 'आता.' बोट खाली यायचं आणि ती खोकायची. एकदाही चुकली नाही.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी वार्षिक अंकासाठी लेख लिहिला. 'माझी माय आणि आमची गाणी.' इंग्रजीच्या सरांनी तो वाचला, मला वर्गाबाहेर बोलावलं आणि गाणी कशी आहेत ते खोदून खोदून विचारलं. मी तोंडानं ढोल वाजवून दाखवला. सर खूश झाले. म्हणाले, 'ह्याला पंक म्हणतात. आणि ते तुमचं डीपीचं आहे ना, त्याला न्यू वेव्ह. पुण्यात माझ्या ओळखीत चार जणांनाही हे आवडत नाही. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.' मी पळत घरी आले. 'माय, त्याला पंक म्हणतात!' माय भांडी घासत होती. 'असंल,' म्हणाली. 'म्हणू दे.' पण नमस्काराची गोष्ट तिनं मला दोनदा सांगायला लावली.

लेख छापून आला. पानावर माझं पूर्ण नाव. मी तो अंक घेऊन वस्तीतल्या घराघरात गेले. आता सांगते, त्या लेखात मी काय केलं होतं. कॅसेटी कुठून येतात हे सांगायला म्हणून मी यार्डाची ती रीत लिहिली होती, चांगल्या दोन परिच्छेदांत, फोमच्या उशा आणि जैतुनखालाच्या आरशासकट. आणि वर लिहिलं होतं, 'बिनलोखंडी हा आम्हा कामगार स्त्रियांचा हक्क आहे.' मिलचं नावही घातलं होतं. शिकलेली होते ना. मला वाटायचं, जे खरं आहे ते लिहिलं की पक्कं होतं. यार्डातल्या एकाही बाईनं हे केलं नसतं. त्या सगळ्या अंगठा लावणाऱ्या, पण त्यांना ठाऊक होतं की काही गोष्टी कागदावर नाहीत म्हणूनच चालतात. मी एकटी लिहिता येणारी आणि मीच ते कागदावर आणलं.

मिलचे मालक कॉलेजच्या संस्थेत होते. अंक त्यांच्या घरी गेला, तिथून मॅनेजरकडे आला. आठवड्याभरात गेटवर पाटी लागली, यार्डातून काहीही बाहेर नेल्यास चोरी समजण्यात येईल. त्या शनिवारी बायांची गाठोडी गेटवर उतरवून घेतली. संध्याकाळी जैतुनखाला आमच्या दारात आली. हातात आरसा. 'कौशी, ये ले,' म्हणाली. 'ये भी जमा कर दे. अगे, तेरेकु लिखना आया तो सब लिख डालेगी क्या?' माय उठली आणि तिच्या हातातला आरसा घेऊन परत तिच्या दाराला लावून आली. 'पोरीनं खोटं लिव्हलं का, जैतुन?' 'खोटा नै लिखी. उसीच का तो रोना है.'

सोमवारी मायला ऑफिसात बोलावणं आलं. सगळ्या कॅसेटी घेऊन या, मुलीला पण आणा. मला वाटलं, मी समजावून सांगेन, मी शिकलेली आहे. काय मूर्खपणा. दुधाच्या पिशवीत अकरा कॅसेटी घालून आम्ही गेलो. मॅनेजर पंख्याखाली बसलेला. बसा म्हणाला नाही. समोर एक टाईप केलेला कागद ठेवला. माफीनामा. 'वाच,' मला म्हणाला. मी मोठ्यानं वाचला, मायला कळावं म्हणून. त्यात लिहिलं होतं की मी अमुक अमुक, कंपनीच्या मालातून अकरा कॅसेट चोरून नेल्या, त्याबद्दल माफी मागते, पुन्हा असं करणार नाही. अंगठा लावला की काम चालू राहील.

माय म्हणाली, 'साहेब, हे बिनलोखंडी हाये. भट्टीत चालत न्हाई. तुम्हीच फेकून द्यायला लावता.'

'फेकायला लावतो. घरी न्यायला कोण सांगितलं?'

'सगळ्या बाया नेतात. पहिल्यापासून.'

'बाया उशा नेतात, बाई. तू कॅसेट नेतेस. परदेशी कॅसेट. कोणाला विकतेस?'

'विकत न्हाई. ऐकतो आम्ही. मी अन् ही.'

मॅनेजर हसला. तो जो हसला ना, तेच हसणं मी आजही लोकांच्या तोंडावर बघते. बाजूला टेबलावर त्याचा मोठा डेक होता, गझला ऐकायचा म्हणे. पिशवीतून वरचीच कॅसेट त्यानं काढली, नेमकी खोकणारी, आणि लावली. 'ओळख,' म्हणाला. 'ऐकतेस ना? मग सांग, कोणतं गाणं आहे.'

ढोल सुरू झाला. पण तो ढोल लंगडत होता. पत्रा फाटायच्या ऐवजी कुणीतरी सावकाश ओढत होतं. आणि मग आवाज आला, तो जाडा, पुरुषी. मी मायकडे बघितलं. ती डेककडे बघतच राहिली. शेवटी म्हणाली, 'ही आमची न्हाई, साहेब. हा तर गडी हाये. तुमची मशीन बिघडली.'

मॅनेजर खुर्चीत मागं रेलून खदखदून हसला. दारातला शिपाईसुद्धा हसला. 'अरे, वीस हजाराची मशीन आहे! बाईला स्वतःचं गाणं ओळखू येत नाही आणि म्हणे ऐकते.' मला कळलं होतं. चिकटपट्टी. मायनं चाक जाड केलं होतं आणि आमचं यंत्र तेव्हापासून पळत होतं. सगळी गाणी आम्ही धावती ऐकली होती, सगळे आवाज वर चढलेले. मी ते सांगायला तोंड उघडलं, 'सर, आमच्या टेपचा वेग...' 'तू गप,' मॅनेजर म्हणाला. 'तुझं लिहून झालंय.'

तेव्हा मायनं पदर कमरेला खोचला. कानांत दोन्ही अंगठे घातले, लहान मुलं घालतात तसे, आणि उरलेली बोटं कपाळावर टेकून डोळे मिटले. आधी तिनं पायानं ठेका धरला. मग अंगठे काढले आणि मॅनेजरच्या टेबलावर दोन्ही तळहात थापायला सुरुवात केली, भाकरी थापते तसे, आमच्या घरच्या वेगानं. दौत हलली. कागद उडाले. आणि माय गायला लागली. शब्द नव्हते ते, कुठल्याच भाषेचे नव्हते, पण एकेक चढ, एकेक किंचाळी, मधे जिथं ती बाई श्वास घ्यायला थांबते तो श्वाससुद्धा, सगळं बराबर जागच्या जागी. डेकमधला गडी मागं राहिला. माय त्याला सोडून पुढं निघून गेली. तिचा आवाज खिडकीतून यार्डात जात होता आणि यार्डातले हातोडे एकेक करून थांबत होते. शेवटच्या थापेला तिनं तळहात टेबलावर तसेच दाबून धरले. दोनदा खोकली. मग डोळे उघडले आणि पदरानं तोंड पुसलं.

डेकमधलं गाणं अजून चालूच होतं. माय डेकसमोर उभी राहून ऐकत होती, मागं राहिलेल्या लेकराची वाट बघावी तशी. ढोल थांबला. मायनं बोट वर केलं. 'आता,' म्हणाली. बोट खाली आलं. डेकमधला तो गडी दोनदा खोकला. लांबून कुणीतरी हसलं.

मॅनेजरनं बटण दाबून डेक बंद केला. त्यानं मायकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. आणि म्हणाला, 'ठीक आहे. ऐकत असाल. अंगठा लाव.'

माझे आयुष्यात पुढं कमी अपमान झाले असं नाही. बदलीसाठी हेलपाटे घातले, साहेब लोकांच्या दारात उभी राहिले. पण तेवढी चीड मला पुन्हा कधी आली नाही. बाईनं सिद्ध केलं होतं. त्याच्याच मशीनवर, त्याच्याच अटीवर, त्याच्याच टेबलावर. आणि त्याला ते पटलंही होतं, मी त्याचा चेहरा बघितला होता. तरी कागदावरचा एक शब्द बदलायची त्याला गरज वाटली नाही. खरं काय ते त्याला कळत नव्हतं असं नव्हतंच. त्याला त्याचं काही घेणं नव्हतं. पुस्तकं शिकून मी जे शिकले नव्हते ते मला त्या पंख्याखाली कळलं.

मायनं मला विचारलं, 'कौशे, त्याच्यात चोरून हाये का अजून?'

'आहे, माय.'

'ते खोडा, साहेब. नेल्या म्हणा. मी अंगठा लावते.'

'एक अक्षर बदलणार नाही.'

'मंग चल,' मला म्हणाली. मी पिशवी उचलायला गेले तर मॅनेजरनं ती ड्रॉवरमध्ये टाकली. मायनं पिशवीकडे बघितलं, क्षणभरच. आम्ही बाहेर आलो. यार्डातून जाताना बाया आपापल्या ढिगाजवळ उभ्या होत्या. जैतुनखालानं नुसता हातोडा पत्र्यावर आपटला, आमच्या गाण्याच्या ठेक्यावर, चार वेळा. इतक्या दुपारी भिंतीआडून ऐकून तिलाही ते पाठ झालं होतं.

मायचं काम गेलं. त्याच आठवड्यात ती कपाशीच्या बियाणाच्या प्लॉटवर जायला लागली, पहाटे जीपमधून घनसावंगीकडे, फुलं खुडायला. तिकडे मिलमध्ये बायांनी एक गोष्ट केली. संप नाही, घोषणा नाही. बिनलोखंडी आपलं नाही ना, मग आपण ते सोडवायचं कशाला? त्या छन्नी चालवत, पण फोम लोखंडाखाली तसाच राहायचा, रबर दाराच्या घडीत तसंच. भट्टीतून काळा धूर. सळ्या खराब. महिन्याभरात गेटवरची पाटी उतरली. कुणी उतरवली म्हणून विचाराल तर कुणीच नाही. शनिवारी गाठोडी पुन्हा निघाली. जैतुनखाला आमच्याकडे एक नवीकोरी उशी घेऊन आली, मायच्या मांडीवर ठेवली. 'सब बराबर हो गया,' म्हणाली. 'तेरेकु बुलाते क्या पूछी मैं. वो बोले, पहले अंगूठा.' माय म्हणाली, 'मंग राहू दे.' मग जैतुनखाला माझ्याकडे वळली. 'अब इसके ऊपर मत लिख, मेरी माँ.' मी शब्द दिला. म्हणून इथे मिलचं नाव नाही. भीतीनं नाही.

आणि ती मिल संपून किती वर्षं झाली, जैतुनखालाही गेली. म्हणून बाकीचं लिहितेय.

माय आता ऐंशीच्या घरात आहे, भोकरदनला माझ्याकडेच असते. यंदा उन्हाळ्यात माझा मुलगा निखिल पुण्याहून आला होता. माझ्या जुन्या वहीत मी त्या कॅसेटींवरची पुसट अक्षरं जशीच्या तशी उतरवून ठेवली होती, त्यावरून त्यानं फोनवर शोधलं आणि खोकणारी सापडली. त्या बँडचं नाव मी इथे देत नाही, कारण मायला ते मान्य नाही. निखिलनं स्पीकरला फोन जोडला. मायला कॉटवर उशीला टेकून बसवलं होतं. गाणं सुरू झालं. तेच मॅनेजरच्या डेकमधलं, सावकाश, जाडा आवाज. माय ऐकत राहिली. तिचे हात मांडीवर होते तसेच पडून राहिले.

'आजी, हे ओरिजिनल आहे,' निखिल म्हणाला. 'गाणारा माणूसच आहे. तुम्ही इतकी वर्षं चुकीचं ऐकत होतात.'

मी काही बोलायच्या आधी माय म्हणाली, 'चुकीचं? तू व्हता का तिथं?'

'नाही, पण...'

'त्या मॅनेजरनं बी हेच लावलं व्हतं.'

निखिल माझ्याकडे बघायला लागला. त्याला हे सगळं ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलेलंच नव्हतं, आमच्याकडे अशा गोष्टी सांगायची रीत नाही. त्या दुपारी सांगितल्या. सगळ्या. तो फोन हातात धरून ऐकत होता आणि मधेच त्याचे कान लाल झाले. मला बरं वाटलं. ती चीड माझ्या एकटीपाशीच संपते की काय, याची मला काळजी होती.

ऐकून झाल्यावर तो फोनवर काहीतरी शोधत बसला. मग म्हणाला, 'आई, तुमचा टेप साधारण किती पळत असेल?' मी म्हटलं, मला काय माहीत, आजीला विचार. त्यानं गाणं टेपसारखं, आवाजही वर चढेल असं, सव्वापट वेगानं लावलं. माय म्हणाली, 'लई पळालं.' त्यानं थोडं कमी केलं. 'अजून जरा.' आणखी थोडं कमी केलं. ढोल आला, पत्रा फाटला, आणि त्यावर ती बारीक, चिरकी, संतापलेली बाई.

माय उशीवरून पुढं सरकली. 'आली बघ ती,' म्हणाली. मग दोन्ही हात कॉटच्या पट्टीवर, भाकरी थापते तसे. फार जोर नव्हता आता, पण वेग तोच. शेवटी ढोल थांबला तेव्हा तिनं माझ्याकडे बघून बोट वर केलं.